मिरजेची ताम्रपटावरील गीता

तंतुवाद्यांसाठी ख्यातकीर्त असलेल्या मिरजेचे नाव मुद्रणाच्या इतिहासातही मानाने घेतले जाते. १८०५ मध्ये येथे भगवद्गीता छापली गेली, तीही खिळे न जुळवता.

पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यांच्या प्रेरणेने नाना फडणवीसांनी एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर नागरी अक्षरे कोरून घेण्यास प्रारंभ केला होता. १८०० मध्ये नाना निवर्तले आणि काम थांबले. पुढे कारागीर मिरजेस आला व गंगाधरराव पटवर्धन यांच्या आश्रयाने गीता पूर्ण झाली.

युरोपात ताम्रपट प्रामुख्याने चित्रांसाठी वापरीत. रोमन कवी ज्युवेनाल याच्या सोळा उपहासकाव्यांचा रॉबर्ट स्टेपिल्टनकृत सचित्र इंग्रजी अनुवाद १६६० मध्ये लंडनला निघाला; त्यातील मजकूर खिळ्यांचा, तर चित्रे ताम्रपटांवरील होती. मिरजेत मात्र संपूर्ण मजकूरच उलट्या अक्षरांत कोरावा लागला.

हीच या पद्धतीची मर्यादा ठरली. कोरलेला पत्रा एकाच पानाच्या कामी येई. खिळे सोडवून पुन्हा जुळवता येत. त्याच १८०५ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनी छापले गेले व पुढे तीच पद्धत रूढ झाली.

संस्थान विलीन झाल्यावर मिरज १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आले. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पटवर्धनांचा आश्रय लाभला नसता, तर नानांचा हा उपक्रम पुण्यातच अर्धवट राहिला असता.