टाळ-मृदंगातली मंडळी

नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, माझी मास्तरकी सुरू झाली त्या वर्षीच्या नाताळात शेजारच्या आजींनी आग्रहाने प्रार्थनेला नेले. मला वाटले होते, काहीतरी विलायती थाटाचे ऐकू येईल. आत पाऊल टाकतो तो टाळ खणखणत होते आणि पेटीवर चक्क अभंगाची चाल!

या चालीमागे मोठा इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशनची माणसे १८१३ साली मुंबईस उतरली, १८३१ साली नगरास आली. १८४२ साली येथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागले. पुढे १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला आणि त्यानंतर खेड्यापाड्यांतले लोक, बहुतांशी महार समाजातले, मोठ्या संख्येने मंडळीत आले. मिशनने शाळा दिल्या, औषधपाणी दिले, नोकऱ्या दिल्या. पण देणारा परका आणि घेणारा आपला, हे नाते दोघांनाही जाचते. पगार मिशनचा, पद्धत मिशनची, मग मंडळी कोणाची?

हा प्रश्न नारायण वामन टिळकांना जिव्हारी लागला होता. जन्माने कोकणातले ब्राह्मण. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. घरदार दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे १९०० साली त्याच वाटेने आल्या. तोवरच्या ताटातुटीची हकिगत ‘स्मृतिचित्रे’त वाचावी, डोळे पाणावतात आणि मधूनच हसूही फुटते. टिळकांनी काय केले? ख्रिस्ताची भक्ती ओवी-अभंगांत आणली, भजन-कीर्तनात आणली. नव्या देवाशी बोलायला माणसाने आईची भाषा का टाकावी, एवढेच त्यांचे म्हणणे. मला तर यात बंडापेक्षा घरी परतणेच अधिक दिसते.

तरी बंड झालेच. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. साठीला टेकलेल्या माणसाने बांधलेला पगार सोडायचा, हे आम्हा मास्तर लोकांना चटकन उमगते! दरबार फार बहरला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. मागे अपुरे ‘ख्रिस्तायन’ राहिले. त्याचा बहुतेक सगळा उरलेला भाग लक्ष्मीबाईंनी रचला. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई, आणि महाकाव्य!

परदेशी मिशने हळूहळू मागे सरली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तीत नगरची मिशनची मंडळीही सामील झाली. कारभार बदलला, नावे बदलली.

त्या नाताळात आजींच्या हातात गीतांचे पुस्तक होते, पण ते मिटलेलेच होते. मी पान शोधू लागलो तर त्या म्हणाल्या, “राहू द्या मास्तर, हे टिळकांचं आहे. आमच्या आईनं जात्यावर शिकवलंय.”