माँटेव्हिडिओचे यजमानपद

ब्राझील आणि आर्जेन्टिना या दोन विस्तीर्ण राष्ट्रांच्या कचाट्यात वसलेले उरुग्वे हे चिमुकले राज्य १८२८ साली इंग्रजांच्या मध्यस्थीने झालेल्या तहान्वये स्वतंत्र झाले, ते बऱ्याच अंशी दोन्ही शेजाऱ्यांना ते परस्परांच्या घशात गेलेले खपणारे नव्हते म्हणून. आणि १८ जुलै १८३० रोजी त्याने आपल्या राज्यघटनेची शपथ वाहिली. अशा देशाला आपले अस्तित्व जगाला पुनःपुन्हा पटवून द्यावे लागते. बलाढ्य आरमार वा दूरदेशीच्या वसाहती पदरी नसलेल्या उरुग्वेने ते काम फुटबॉलवर सोपविले. १९२४ साली पॅरिसला आणि १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला त्याच्या खेळाडूंनी ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा ज्या युरोपीय प्रेक्षकांना हा देश नेमका कोठे आहे हेही ठाऊक नसावे, त्यांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या.

म्हणून १९२९ साली फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या बार्सिलोनाच्या अधिवेशनात पहिल्या विश्वचषकाचे यजमानपद उरुग्वेला मिळाले, तेव्हा तो देश शताब्दीच्या उंबरठ्यावर होता, आणि पाहुण्या संघांचा प्रवास व मुक्काम या दोहोंचा खर्च आपल्या खजिन्यातून करण्याची हमी त्याने मोठ्या उमेदीने दिली. पण युरोपने पाठ फिरविली. जहाजाच्या प्रवासात आठवडे जाणार, खेळाडूंना कामधंद्यावरून इतकी दीर्घ रजा कोण देणार, अशा सबबी पुढे आल्या. त्या सर्वस्वी खोट्या नव्हत्या, पण ज्याच्या घरी बोलावणे आहे तो तोलामोलाचा असता तर त्या इतक्या सहज सुचल्या असत्या काय, हा प्रश्न उरतोच. अखेर फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया एवढे चारच संघ निघाले. पैकी पहिले तीन 'काँते व्हेर्दे' या जहाजावरून, खुद्द फिफाचे अध्यक्ष ज्यूल रिमे आणि त्यांच्या सामानातल्या चषकासह, अटलांटिक ओलांडून आले.

इकडे माँटेव्हिडिओत हुआन स्कासो या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली 'सेंतेनारिओ', म्हणजे शताब्दीचे, क्रीडांगण अवघ्या काही महिन्यांत उभे राहात होते. पावसाने काम लांबले. १३ जुलैला स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते अपुरेच असल्यामुळे आरंभीचे सामने शहरातल्या लहान मैदानांवर उरकावे लागले. घटनेच्या शताब्दीदिनी, १८ जुलैला, मात्र ते खुले झाले. त्याच्या प्रेक्षागारांना दिलेली नावे मला मोठी बोलकी वाटतात : एक कोलोंब, म्हणजे १९२४ च्या विजयाचे पॅरिसनजीकचे मैदान, दुसरे अ‍ॅमस्टरडॅम. परदेशी मिळविलेले विजय या देशाने सिमेंटच्या पायऱ्यांत बांधून टाकले! त्या दिवशी पेरूविरुद्धचा एकमेव गोल केला तो एक्तोर कास्त्रोने. बालपणी विजेच्या करवतीत हात गमावलेल्या या मनुष्याचे नाव पुढे आणखी एकदा घ्यावयाचे आहे.

खरी कसोटी ३० जुलैला आली. अंतिम सामन्यात समोर उभा होता तो दूरदेशीचा पाहुणा नव्हे, तर ला प्लाता नदीच्या पैलतीरावरचा भाऊबंद आर्जेन्टिना, ज्याच्याशी दोन वर्षांपूर्वी अ‍ॅमस्टरडॅमलाही निर्णायक झुंज झाली होती. ब्युनोस आयरेसहून हजारो लोक 'विजय किंवा मृत्यू' अशा गर्जना करीत बोटींनी निघाले. दाट धुक्यामुळे त्यांतले कित्येक वेळेवर पोहोचलेच नाहीत. दरवाजांवर बंदोबस्त असा की, पिस्तुलांसाठी प्रत्येकाची झडती घेतली जात होती. बेल्जियन पंच जॉन लांगेनुस यांनी जीविताची हमी मागून घेतली आणि मगच शिट्टी हाती धरली. चेंडू कोणाचा वापरावा यावरही एकमत होईना, तेव्हा पूर्वार्ध आर्जेन्टिनाच्या चेंडूने आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या चेंडूने खेळण्याची तजवीज झाली. लग्नघरात यजमानानेच मानपानावरून अडून बसावे, तशातला हा प्रकार. मध्यंतराला आर्जेन्टिना २-१ ने पुढे होता. आपला चेंडू मैदानात आल्यावर उरुग्वेने तीन गोल केले, त्यांतला शेवटचा पुन्हा त्या एकहाती कास्त्रोचा, आणि ४-२ असा सामना जिंकला. चेंडूमुळे निकाल फिरला असे मानणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही, कारण कर्णधार नासाझीच्या या संघाने दोन ऑलिंपिके परक्या चेंडूंनीच जिंकली होती.

दुसऱ्या दिवशी उरुग्वे सरकारने राष्ट्रीय सुटी जाहीर केली. पलीकडे ब्युनोस आयरेसमध्ये जमावाने उरुग्वेच्या वकिलातीवर दगडफेक केली आणि दोन्ही देशांच्या फुटबॉल संघटनांमधील संबंध तुटले. शताब्दीच्या निमित्ताने सारे जग घरी बोलवावे या हेतूने मांडलेल्या सोहळ्याची सांगता अशी शेजाऱ्याशी वैर पत्करून झाली. जे युरोपीय आलेच नाहीत त्यांच्यावरचा राग मात्र उरुग्वेने मनात जपून ठेवला. १९३४ साली इटलीत दुसरा विश्वचषक भरला, तेव्हा त्या अवहेलनेचा वचपा म्हणून उरुग्वेने आपला संघ धाडलाच नाही. आणि अजिंक्यपद राखण्यासाठी मैदानात न उतरलेला विश्वविजेता आजवरच्या इतिहासात तेवढाच एक आहे.