पितळेचा दात

आमच्या मोहल्ल्यातल्या एका घराच्या पडवीत ताडपत्रीखाली एक जावा मोटरसायकल कित्येक वर्षे उभी होती. मालक १९७० च्या दशकात कुवेतला गेले आणि तिची चाके थांबली. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्याने मडगार्डची चाळण झाली, टाकीच्या रंगाचे पापुद्रे निघाले. मालकांच्या नातवाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. पण उत्साहाच्या भरात त्याने आधी किक मारून पाहिली. पिस्टन आत गंजून धरला होता. 'कट्' असा आवाज झाला आणि किकचा दांडा लुळा पडला. मग मिस्त्रीचाचांना बोलावणे गेले, आणि जुन्या वस्तूंचा नाद म्हणून आम्हालाही.

आत काय निघाले ते सांगण्याआधी या गाडीची कुळकथा सांगितली पाहिजे. 'जावा' या नावाचा त्या बेटाशी काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील शस्त्रांचे कारखानदार फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटरसायकल बनवण्याचे हक्क घेतले. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून हे नाव झाले. झेक माणूस त्याचा उच्चार 'यावा' असा करतो, आपण इंग्रजी वळणाने 'जावा' केला. मराठी कानाला दोन्हींत येणे-जाणे आहेच!

दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या कारागिरांनी चोरून एका २५० सी.सी. गाडीचा आराखडा केला. 'पेराक' नावाची ती गाडी १९४६ मध्ये जगापुढे आली. तिची एक खुबी होती. डाव्या अंगाचा एकच दांडा किकचेही काम करी आणि गिअरचेही. आत दाबून वर फिरवला की किक, पुन्हा पुढे आणला की गिअर. हाच दांडा पुढे हिंदुस्थानात आला.

मुंबईत आयडियल मोटर्स ही इराणी झरतुष्ट्री मंडळींची पेढी या गाड्या मागवीत असे. परदेशी मालाच्या आयातीवर सरकारने बंधने आणली, तेव्हा रुस्तम इराणी आणि फारूख इराणी यांनी म्हैसूरला कारखानाच काढला. १९६१ पासून तिथे जावा बनू लागली. १९७३ च्या सुमारास नाव बदलून 'येझदी' झाले. काहीजण ते इराणातल्या यझद शहराशी जोडतात, काहीजण झेक भाषेतल्या 'चालवतो' या अर्थाच्या शब्दाशी. १९८५ मध्ये हिरो होंडा आली. लिटरमागे ऐंशी किलोमीटरची जाहिरात सुरू झाल्यावर पेट्रोल पिणाऱ्या टू-स्ट्रोकला कोण विचारतो? १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे नाव बाजारात परतले खरे, पण ती इंजिने फोर-स्ट्रोक. त्यांतला पुर्जा जुन्या गाडीला चालत नाही.

एवढा इतिहास छापलेला मिळतो. पुढचा आम्हाला पडवीत मिळाला.

चाचांनी डावे झाकण उघडले. किकच्या शाफ्टवर चंद्रकोरीसारखी अर्धी गरारी असते. तिचे दाते क्लचमागच्या गरारीत अडकतात आणि इंजिन फिरते. या अर्ध्या गरारीचा दुसरा दात मुळापासून तुटला होता. पण चाचांची नजर पहिल्यावर खिळली. तो पितळेचा होता! कारखान्याने असा दात दिलेला नसतो. कुणीतरी, केव्हातरी तो भरून काढला होता. चाचांनी बोटाने त्याचे बूड चाचपले आणि म्हणाले, "हा आमच्या उस्तादांचा हात. बुडाला अशी गोलाई तेच ठेवायचे, कोपरा काटकोनात सोडला की तिथूनच तडा जातो."

उस्ताद मुंबईच्या गोदीत काम शिकून परतले होते. मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटींवर इंजिने आली, तशी त्यांची दुरुस्ती करणारेही उभे राहिले. उस्तादांचे मुख्य काम बोटींचे, मोटरसायकल फावल्या वेळातली. त्यांचे नाव टिपायला आम्ही वही काढली. चाचांनी हात आडवा केला. "नाव कशाला, सर? डाग कसा मारला ते लिहा. नाव वाचून कुणाला डाग मारता येणार आहे?"

म्हणून तेच लिहितो.

नातू म्हणाला, नकली गरारी मुंबईत मिळते, मागवतो. गाडी रोज चालवायची तर आमचेही मत तेच पडले. चाचांपुढे पेच वेगळा होता. मूळ गरारीच्या दातांना वरून कडकपणा दिलेला असतो. नवा दात पोलादाचा भरायचा, तर तसाच कडकपणा देण्यासाठी गरारी कोळशाच्या भुकटीत बंद करून लालबुंद तापवावी लागते, मग तेलात बुडवायची. मराठीत याला 'पाणी देणे' म्हणतात, उर्दूत 'आब देना'. पण तेवढ्या आचेत उस्तादांचा पितळी दात टिकला नसता. चाचा बराच वेळ गरारी हातात फिरवत बसले. शेवटी नातूच म्हणाला, "दादा याच दातावर आंबा घाट चढले ना? मग राहू दे."

तेव्हा दुसरा दातही पितळेचाच करायचे ठरले. चाचांनी तुटलेले बूड कानशीने पांढरे चकचकीत केले. पितळी दात आणि बाकीचे दाते ओल्या चिंध्यांत गुंडाळले, म्हणजे आच तिकडे जाऊ नये. गॅसच्या ज्योतीत बूड तांबूस झाल्यावर टाकणखार टाकला. तो वितळून मळ धरतो, मगच पितळ पोलादावर पसरते, नाहीतर थेंब घरंगळतो. पितळेच्या कांडीने ढेकूळ चढवले आणि आपोआप निवू दिले. मग कानस. शेजारच्या चांगल्या दाताचा माप पत्र्यावर कापून घेतला होता. तो लावून पाहायचा, दिव्याची काजळी फासून गरारी फिरवायची, काजळी पुसली जाईल तेवढेच घासायचे. हे सकाळपासून मगरिबपर्यंत चालले. बुडाची गोलाई चाचांनी अगदी शेवटी घेतली, गोल कानशीने, डोळे मिटून.

पितळ मऊ, झिजणारच. हे चाचांनी लपवले नाही. पिस्टन सुटा करून, सिलिंडर बोअर करून, नव्या रिंगा टाकून इंजिन जोडायला पुढे तीन आठवडे गेले. गाडी चालू करायच्या दिवशी नातवाने सवयीने पाय उचलला, तोच चाचा ओरडले, "अरे, लाथ नको! आधी दांडा हळू दाब, दात दातात बसला की पायाला कळतं. मग जोर दे."

त्याने पाय खाली घेतला आणि दांडा हळू दाबू लागला.