प्रोसेसरची कुळी आणि ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती : एका निवडीचा इतिहास

संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविताना अगदी आरंभीच एक प्रश्न उभा राहतो : ३२ बिटांची आवृत्ती घ्यावयाची की ६४ बिटांची? लिनक्सच्या डेबियन या संचाकडे वळल्यास याच प्रश्नाला आय-३८६, एएमडी-६४, एआरएम-६४ अशी नावे लाभलेली दिसतात. पेण अथवा रोहे येथील एखाद्या शाळेत जुना संगणक पुन्हा उपयोगात आणू पाहणाऱ्या शिक्षकास ही नावे बुचकळ्यात टाकणारी वाटली तर त्यात नवल नाही. त्यांचा उलगडा इतिहासावाचून होत नाही. आणि उलगडा न झाल्यास चालते यंत्र निकामी म्हणून टाकून दिले जाण्याचा संभव असतो. सबब या निवडीची पूर्वपीठिका पाहणे अगत्याचे आहे.

१

या इतिहासाच्या भारतीय आरंभाशी रोह्याचा एक धागा जुळतो. ज्यांचे बालपण रोह्यास गेले ते चिंतामणराव देशमुख १९४५ ते १९६४ या काळात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. याच संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटिश बनावटीचा एचईसी-२एम हा देशातील पहिला अंकीय संगणक आला, आणि त्या दशकाच्या अखेरीस सोव्हिएत बनावटीचा उराल. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा संगणक घडविला. तो १९६० साली पूर्णपणे कार्यान्वित झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याचा शब्द ४० बिटांचा होता. १९६४ साली त्याच संस्थेत आलेल्या सीडीसी-३६०० या अमेरिकन संगणकाचा शब्द ४८ बिटांचा होता.

या यंत्रांच्या काळी आवृत्तीच्या निवडीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. यंत्राच्या भाषेतील आज्ञावली त्या एका यंत्रासाठीच लिहिली जाई. एचईसीच्या आज्ञा उरालला उमगत नसत आणि टिफ्रॅकच्या आज्ञा सीडीसीला. यंत्र निवृत्त झाले की त्यासाठी खपून लिहिलेल्या यंत्रभाषेतील आज्ञावल्याही त्याच्यासवे निरुपयोगी होत. निवडीची कटकट नव्हती, परंतु संचयही होत नव्हता.

२

हा क्रम पालटण्याचे मोठे श्रेय आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम-३६० या यंत्रमालिकेस द्यावे लागते. लहानमोठ्या, स्वस्त-महाग अशा अनेक यंत्रांना आज्ञांचा एकच संच समजावा, ही या मालिकेमागील कल्पना होय. प्रोसेसरची 'रचना' आणि प्रत्यक्ष यंत्राची 'घडण' या दोन गोष्टी येथे परस्परांपासून विभक्त झाल्या.

हा भेद पेणच्या मूर्तिशाळांच्या उदाहरणाने सहज ध्यानी येतो. एकाच मापाच्या साच्यातून दोन कारखान्यांनी मूर्ती काढल्या, तर हात निराळे, रंगकाम निराळे. परंतु त्या मापाचा मुकुट दोन्हींवर सारखाच बसतो. मुकुट घडविणाऱ्यास कारखान्याचे नाव ठाऊक असण्याची गरज नसते, साच्याचे माप मात्र ठाऊक असावे लागते. ऑपरेटिंग सिस्टिमचा संबंध असाच आज्ञासंचाशी असतो, प्रोसेसर बनविणाऱ्या कंपनीशी नसतो.

३

घरगुती संगणकांच्या क्षेत्रात ही परंपरा इंटेलच्या ८०८६ या १६ बिटी प्रोसेसरपासून, म्हणजे १९७८ पासून सुरू झाली. १९८५ च्या ८०३८६ ने तिला ३२ बिटांची जोड दिली आणि मागील आज्ञावल्याही चालू ठेवल्या. ३२ बिटांच्या पत्त्याने स्मृतीतील ४,२९,४९,६७,२९६ स्थाने, म्हणजेच ४ गिगाबाइट, निर्देशित करता येतात. काही युक्त्यांनी ही मर्यादा थोडीफार सैल करता येत असली तरी शतकाच्या अखेरीस ती जाचू लागली.

तेथून दोन वाटा फुटल्या. इंटेलने ह्यूलेट-पॅकार्डच्या सहकार्याने इटॅनियम ही सर्वस्वी नवी रचना उभारली; तिचा पहिला प्रोसेसर २००१ साली बाजारात आला. एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीने जुन्याच आज्ञासंचाचा विस्तार केला आणि २००३ साली ऑप्टेरॉन हा प्रोसेसर आणला. त्यावर जुन्या ३२ बिटी आज्ञावल्या पूर्ववत चालत. ग्राहकांनी दुसरी वाट पसंत केली आणि २००४ साली खुद्द इंटेलनेही तिचा स्वीकार केला.

आजच्या नामगोंधळाचे मूळ येथे आहे. 'एएमडी-६४' हे नाव रचनेच्या जनकाचे आहे, निर्मात्याचे नव्हे. म्हणून इंटेलच्या ६४ बिटी घरगुती संगणकासही हीच आवृत्ती लागते. उलटपक्षी 'आयए-६४' हे नाव इंटेलचे भासत असले तरी ते इटॅनियमचे होते, आणि इंटेलचा संगणक म्हणून ती आवृत्ती घेणाऱ्याच्या पदरी निराशाच येई. 'आय-३८६' चीही तीच गत. ते नाव ३२ बिटी कुळीचे म्हणून टिकले. मूळ ३८६ प्रोसेसरचा आधार मात्र लिनक्सच्या गाभ्यातून २०१३ सालीच काढण्यात आला.

४

तेव्हा निर्णय कोणत्या पुराव्यावर करावा? यंत्रावरील कंपनीची चिठ्ठी हा पुरावा अपुरा होय. यंत्रावर आधीपासून असलेली ऑपरेटिंग सिस्टिम हा पुरावा तर फसवा होय. कारण ६४ बिटी प्रोसेसरवर ३२ बिटी आवृत्ती चालू शकते आणि पूर्वी ती पुष्कळदा बसविली जाई. विंडोजच्या माहितीपटावर 'सिस्टिम टाइप' या ओळीत ऑपरेटिंग सिस्टिमचे बिट आणि प्रोसेसरची रचना यांचा निर्देश वेगवेगळा असतो. त्यांपैकी दुसरा निर्णायक मानावा. लिनक्समध्ये 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिल्यास प्रोसेसर कोणकोणत्या बिटांत चालतो ते स्पष्ट होते.

संबंध एकतर्फी आहे, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी. ६४ बिटी प्रोसेसर सामान्यतः ३२ बिटी आवृत्ती स्वीकारतो. ३२ बिटी प्रोसेसर ६४ बिटी आवृत्ती कदापि स्वीकारीत नाही. त्यामुळे शंका असता ३२ बिटी आवृत्ती घ्यावी, असा सावध प्रघात दीर्घकाळ होता. तो आता सोयीचा राहिलेला नाही. उबुंटूने २०१७ साली ३२ बिटी डेस्कटॉप प्रती काढणे थांबविले. २०२१ चे विंडोज-११ केवळ ६४ बिटी आहे. विंडोज-१० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. आणि त्याच वर्षीच्या डेबियन-१३ मध्ये ३२ बिटी आय-३८६ साठी स्थापनेची सोय उरली नाही. दरम्यान २०२० साली ॲपलने आपल्या संगणकांसाठी एआरएम कुळीचा अंगीकार केल्याने दुहेरी निवड तिहेरी झाली आहे.

५

या आढाव्यातून निघणारा निष्कर्ष व्यवहाराशी निगडित आहे. ज्या यंत्राचा प्रोसेसर खरोखर ३२ बिटी आहे, त्याचे आयुष्य उताराला लागले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ६४ बिटी प्रोसेसर असूनही केवळ जुन्या ३२ बिटी आवृत्तीमुळे कालबाह्य समजले गेलेले यंत्र ही निराळी कोटी होय. त्यास एएमडी-६४ आवृत्ती दिल्यास, स्मृती पुरेशी असता, ते आणखी काही वर्षे सुखेनैव चालू शकते. खरेदीस पैसा तुटपुंजा असलेल्या तालुक्याच्या शाळेत हा भेद ओळखण्यावर एखाद्या वर्गाला संगणक मिळणे वा न मिळणे अवलंबून राहते.

टिफ्रॅकच्या पिढीला यंत्रासोबत आज्ञावलीही गमवावी लागली. नंतरच्या पिढ्यांनी रचनेचे सातत्य राखून तो तोटा टाळला. मात्र त्याची किंमत म्हणून नावांचा गुंता मागे ठेवला. तो गुंता सोडवून मगच यंत्र ठेवावे की टाकावे हे ठरविणे उचित होय.