कुंकळ्ळीची विहीर आणि असोळण्याचा किल्ला

आपल्यापैकी अनेक घराण्यांची कुलदैवते गोमंतकात आहेत, आणि त्यांतील कित्येक मूळ स्थानावरून हलविलेली आहेत. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास का गेला, हे मुलांस सांगताना आपण ‘पोर्तुगीजांच्या छळामुळे’ एवढे म्हणून थांबतो. परंतु धर्माच्या नावाने अत्याचार झाल्यावर पुढे न्याय झाला काय, जाब कोणी कोणास विचारला, हा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यास साष्टीतील कुंकळ्ळी गावचा इतिहास फार उद्बोधक आहे.

साष्टी व बारदेश हे प्रांत १५४३ साली पोर्तुगीजांच्या हाती गेले. साष्टीतील धर्मप्रसाराचे काम जेझुइट पाद्र्यांकडे आले आणि १५६७ च्या सुमारास तेथील सुमारे २८० देवळे पाडण्यात आली. कुंकळ्ळी, असोळणे, वेरोडे, वेळ्ळी व आंबेली या गावांनी मात्र दाद दिली नाही. त्यांनी सारा देण्याचे नाकारले आणि पाडलेली देवळे पुन्हा उभारली. तेव्हा फौज पाठवून ती पुन्हा मोडण्यात आली. त्या मोहिमेत पाद्र्यांनी पूज्य मानलेले वारूळ उद्ध्वस्त केले व गाय मारली, हे पाद्र्यांच्याच बाजूच्या लिखाणात नमूद आहे.

अशा तापलेल्या वातावरणात, १५८३ च्या जुलै महिन्यात, पाच पाद्री चर्चसाठी जागा पाहण्यास कुंकळ्ळीस आले. त्यांचे प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा हे अकबर बादशहाच्या दरबारी धर्मचर्चा करून नुकतेच परतले होते. गावकऱ्यांनी शस्त्रे घेऊन त्यांस वेढले. सोबतच्या एका पोर्तुगीज गृहस्थाने बंदूक रोखली, तेव्हा पाशेकू नावाच्या पाद्र्याने त्यास आवरले. पाचही पाद्री, तो गृहस्थ आणि बरोबरचे चौदा देशी ख्रिस्ती मारले गेले. पाद्र्यांची प्रेते विहिरीत टाकण्यात आली.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणी म्हणेल, ‘देवळे पाडणाऱ्यांस योग्य शासन झाले!’ मला तसे म्हणवत नाही. त्या चौदा देशी माणसांचा अपराध कोणी तपासला होता? तीही याच मातीची होती. देवळे मोडण्याची आज्ञा देणारे अधिकारी मात्र सुखरूप राहिले.

पुढे सरकारने जे केले ते त्याहून काळे आहे. बोलणी करण्याच्या मिषाने कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलाविले. परंपरा त्यांची संख्या सोळा सांगते. शब्दावर विश्वास ठेवून ते गेले, आणि चौकशी अथवा सुनावणी न होता त्यांस ठार करण्यात आले. एकट्याने साळ नदीत उडी घेऊन जीव वाचविला व तो कारवारकडे गेला, असे सांगतात. गावांच्या जमिनीही जप्त झाल्या.

ज्या राज्याजवळ कायदा होता, न्यायाधीश होते, तुरुंग होते, त्याने दगा पत्करला. खटला चालता, तर हत्या कोणी केली हे ठरले असते; पण त्याबरोबर देवळे कोणी व का मोडली, हेही गावकर उघड्या न्यायासनापुढे बोलले असते. ते बोलणे बंद झाल्याने एकाच पक्षाची बखर शिल्लक उरली. १८९३ साली पोप तेरावे लिओ यांनी पाचही पाद्र्यांस ‘धन्य’ पद दिले. त्या विहिरीपाशी प्रार्थनामंदिर झाले. गावकरांच्या नावे दगड उभा राहण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले.

श्रद्धेचे काय झाले? कुंकळ्ळीची शांतादुर्गा आदिलशाही मुलखात फातर्प्यास गेली आणि तेथेच स्थिरावली. आजही फाल्गुनात देवीची स्वारी वाजतगाजत मूळ गावी येते. बारा वांगडांच्या बारा छत्र्या पुढे असतात, गुलाल उधळला जातो, आणि ज्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले ती घराणीही या उत्सवात आपला मान सांभाळून आहेत. राजसत्तेला जे साधले नाही, ते या गावाने आपल्या रीतीने साधले.

तथापि उत्सवाने सलोखा होतो, हिशेब पुरा होत नाही. हिशेबाला खरे सांगणारी माणसे लागतात. आपल्या पुढील पिढीस कुलदैवताच्या स्थलांतराची कथा सांगताना असोळण्याचा किल्ला अवश्य दाखवावा, आणि तितक्याच स्पष्टपणे कुंकळ्ळीची विहीरही दाखवावी. दुसऱ्याच्या अपराधाबरोबर स्वकीयांचा अपराधही जो उच्चारू शकतो, त्याच्याच न्यायाच्या मागणीला वजन येते. आणि बापजाद्यांच्या कृत्याचे ओझे आजच्या शेजाऱ्याच्या शिरावर ठेवू नये, हेही त्याच न्यायात येते.