निवृत्तिवेतन आणि पोटगी

पेन्शनराचें म्हातारपण सावकाराच्या हातीं जाऊं नये, म्हणून १८७१ सालच्या पेन्शन कायद्याच्या ११ व्या कलमानें धनकोच्या मागणीवरून सरकारी पेन्शन जप्त करण्यास मनाई केली. हेतु दयेचा खरा. पण टाकलेली बायको पोटगी मागूं लागली, कीं नवऱ्याला तीच ढाल तिच्यापुढेंहि धरतां येई.

१८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४८८ व्या कलमान्वयें बायकोमुलांना दरमहा पोटगी मिळे. तिची कमाल मर्यादा ५० रुपये. १९२३ सालीं ती १०० झाली. पोटगी थकली तर नवऱ्यास कैद. पण बाप तुरुंगांत गेल्यानें मुलांची चूल पेटते थोडीच!

सारा वाद एका शब्दावर येऊन ठेपला: बायको ही धनको काय? २०१९ सालीं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें ‘नाहीं’ असें उत्तर दिलें. बायको धनको नव्हे. तेव्हां तिच्या पोटगीसाठीं पेन्शनीवर जप्ती आणतां येते. हा न्याय यथायोग्य होय, पण तो नवरा जिवंत असेपर्यंतचा. केंद्रसरकारच्या नियमांप्रमाणें घटस्फोटितेला त्याच्यामागें कुटुंबनिवृत्तिवेतन मिळत नाहीं. पात्र मुलांचा हक्क तेवढा राहतो.