जुन्या मोटारीची घरगुती धुलाई आणि मेण

जुन्या मोटारीच्या रंगावरील धूळ, चिखल, क्षार व तेलकटपणा पाण्याने उतरवून त्यावर मेणाचा पातळ थर चढवण्याचे, घरच्या घरी हाताने करायचे काम. या नोंदीत प्रीमियर पद्मिनी ही मोटार नमुन्यादाखल घेतली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात, फियाट ११०० वर आधारलेली ही गाडी १९६४ पासून बनू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अजून धावतात. मूळ स्वरूपात जपलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्या आता त्या वयाला पोहोचल्या आहेत, त्यामुळे त्यांचा उरलेला रंग हा जतन करण्याचा विषय झाला आहे.

रंगाचे स्वरूप : आजच्या मोटारींवर रंगाच्या थरावर पारदर्शक लॅकरचा वेगळा थर असतो. जुन्या गाड्यांच्या साध्या, चमकीविरहित रंगांत असा थर बहुधा नसे. रंग आणि चकाकी एकाच थरात असत. पुढे केव्हातरी गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या गाडीवर दोन्हींपैकी काहीही असू शकते. ओळखण्यासाठी डिकीच्या आतल्या कडेला थोडे पॉलिश लावून पांढऱ्या फडक्याने घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकेरी आहे. उन्हातील अतिनील किरणांनी एकेरी थरातील बंधक द्रव्य तुटते, रंगकण सुटे होतात आणि बोट फिरवल्यावर खडूसारखी भुकटी लागते. लाल रंग विशेष लवकर फिका पडतो, आणि टप व बोनट या आडव्या भागांवर हा परिणाम सर्वांत आधी दिसतो. सगळे थर मिळूनही रंगाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासच असते. घासून गेलेला रंग परत येत नाही, म्हणून पुढील प्रत्येक कृती ‘कमीत कमी घासणे’ याच निकषावर तपासावी.

कोरडे पुसणे : या दृष्टीने सर्वांत घातक सवय आपल्या इमारतींत रोज सकाळी दिसते. धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडे फडके मारायचे, किंवा एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात पिळलेले फडके एकामागून एक सगळ्या गाड्यांवर फिरवायचे. रस्त्यावरील धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोहच्या मापनश्रेणीत त्यांचा कठीणपणा ७ आहे, म्हणजे ते सामान्य पोलादालाही ओरखडू शकतात. रंगाची तर गोष्टच सोडा. उन्हात बोनटवर दिसणारी बारीक जाळीदार वर्तुळे अशा पुसण्यातूनच येतात. रोज पुसण्यापेक्षा पंधरा दिवसांनी नीट धुतलेली गाडी कितीतरी अधिक टिकते. रॉकेल किंवा डिझेलचे फडके मारून चमक आणण्याची जुनी पद्धतही सोडून द्यावी. तिने रबर फुगते, आणि मागे राहिलेला तेलकट थर नवी धूळ धरून ठेवतो.

धुण्याची रीत : गाडी सावलीत उभी करून बोनट थंड होऊ द्यावे. पद्मिनीच्या इंजिनात प्रज्वलन डिस्ट्रिब्युटरमधून होते. त्याच्या टोपीत पाणी गेले की गाडी सुरू होत नाही, म्हणून बोनटच्या फटींवर पाण्याचा जोर देऊ नये. उच्च दाबाचा पंप टाळणेच योग्य. काचेभोवतीचे जुने रबर बीडिंग आक्रसलेले असते. तिथून आत शिरलेले पाणी गालिच्याखाली साचते आणि पत्रा आतून गंजतो. या गाडीला स्वतंत्र चासी नाही. बॉडीचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे, म्हणून दाराखालचा उंबरा गंजणे म्हणजे नुसता रूपाचा बिघाड नव्हे.

आधी पुष्कळ पाणी ओतून सैल धूळ वाहू द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीचा शॅम्पू आणि दुसरीत साधे पाणी. हातमोज्यासारखे मऊ मायक्रोफायबर टपापासून खाली सरळ रेषेत फिरवावे आणि प्रत्येक भागानंतर साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शॅम्पूत बुडवावे. चाके आणि दारांचा खालचा भाग शेवटी, वेगळ्या कापडाने. कपड्यांची पावडर क्षारधर्मी असते, ती वापरू नये. भांडी धुण्याचा द्रव जुने मेण उतरवतो. नवे मेण लावण्याच्या दिवशी तो एकदा चालेल, एरवी नाही. मडगार्डच्या आतला चिखल हाताने काढावा. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची छिद्रे असतात, ती काडीने मोकळी करावीत. कोकणात किंवा समुद्रकाठी राहणाऱ्यांनी एवढे जरी नेमाने केले तरी गाडीचे आयुष्य वाढते.

बोअरचे पाणी जड असेल तर ते सुकू देऊ नये. कॅल्शियम व मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके उरतात आणि तापलेल्या पत्र्यावर ते पक्के बसतात. ठिपके पडलेच तर पाण्यात पातळ केलेले व्हिनेगर लावून लगेच धुवावे. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नये. ओले फडके त्यावर काही वेळ ठेवून ती मऊ करावी आणि उचलून घ्यावी. क्रोमच्या बंपरवरील गंजाचे हलके ठिपके ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हळू घासल्यास निघतात.

पॉलिश आणि मेण : ही दोन कामे वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत महागात पडते. पॉलिश किंवा कंपाउंड रंगाचा वरचा मृत थर खरवडते. मेण काहीही काढत नाही, फक्त झाकते. खडूसारखा झालेला रंग आधी सौम्य पॉलिशने हाताने उजळावा लागतो. फडक्यावर रंग येणारच, पण बोनटच्या कडा व दारांच्या उभारलेल्या रेषांवर थर मुळातच पातळ असतो, तिथे हात हलका ठेवावा. हे काम वारंवार करण्याचे नाही. जुन्या रंगात शिशाची संयुगे असू शकतात, त्यामुळे घरी कोरडा पॉलिश पेपर मुळीच घासू नये.

मेणांमध्ये कार्नौबा प्रसिद्ध आहे. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर ते साचते. पाने वाळवून, झोडपून ते मिळवतात. सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला ते वितळते, आणि नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण गणले जाते. डबीत ते तेले व द्रावके मिसळून मऊ केलेले असते. ओलसर स्पंजवर अगदी थोडे घेऊन, एकावेळी एकच भाग करावा. थर जितका पातळ तितका चांगला. जाड थर फक्त पुसायला जड जातो. धुरकट झाल्यावर बोट ओढून पाहावे आणि मेण स्वच्छ सुटत असेल तर मायक्रोफायबरने पुसून घ्यावे. काळ्या रबरावर मेणाचे पांढरे डाग राहतात, म्हणून बीडिंगवर आधी कागदी टेप लावावी. असा थर काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतात. गाडी लवकरच रंगवायची असेल तर सिलिकॉन असलेली पॉलिश टाळावीत. त्यांच्या अंशामुळे नव्या रंगात खळगे पडतात.

महाराष्ट्रात मेणाला दोन मुहूर्त सोयीचे आहेत, पावसाळ्यापूर्वीचा मे महिना आणि दसऱ्याच्या आधीचे दिवस. दसऱ्याला गाडीची पूजा होते. बोनटवर हळद-कुंकवाचे स्वस्तिक काढले जाते, झेंडूची माळ बांधली जाते. खडूसारख्या उघड्या रंगात कुंकवातील रंगद्रव्य मुरते, तर मेणाच्या थरावर ते वरच राहते. तरी ते त्याच संध्याकाळी पाण्याने उतरवावे आणि माळ तारेऐवजी सुताने बांधावी. हळदीचा राहिलेला पिवळेपणा उन्हात आपोआप विरतो.

धुतलेली गाडी लगेच झाकू नये. थोडे अंतर चालवून ड्रम ब्रेक कोरडे करावेत, दारे व डिकी उघडी ठेवून ओल जाऊ द्यावी, मगच आच्छादन घालावे. तेही सुती, हवा खेळणारे आणि आतून धूळ झटकलेले असावे; प्लास्टिकच्या आच्छादनाखाली ओल कोंडते.